जवारी

शनिवारी रात्री साडेदहाला माझा आवाज
सोहारच्या अकराशे घरांत गेला.
मी तेव्हा भांडी विसळत होते.

"मुलांनो, उद्या धुळीचं वादळ आहे. शाळा बंद.
खिडक्या लावून घ्या. नीट झोपा.
चाचणीची धास्ती वाटत असेल
तर सोमवारी माझ्याकडे या, दार उघडंच असतं."

वादळ नव्हतं. रविवार निरभ्र उजाडला,
बंदराकडून दमट वास,
आवारात एकतीस बसगाड्या रांगेत निजलेल्या.
फक्त केजीतली इराम, जिच्या घरी निरोप पोचलाच नाही,
सात नंबरच्या थांब्यावर पाऊण तास
पाण्याची बाटली गळ्यात अडकवून उभी.
डिझेल भरायला निघालेल्या रहमतुल्लाला ती दिसली,
म्हणून बरं.

अध्यक्षांचा फोन : काढून टाका त्या पोराला.
पालकांचा फोन : मॅडम, काल किती छान बोललात.

माझ्या कपाटात एक प्रमाणपत्र आहे, लॅमिनेट केलेलं,
दुबईच्या हॉटेलात दोन दिवस बसून मिळवलेलं.
नव्या पिढीसाठी नेतृत्व, सात पायऱ्या.
तिसरीवर जेवणाची सुट्टी झाली होती.

फेबिन कुरियाकोस, दहावी क.
वडील अॅल्युमिनियमच्या भट्टीवर, रात्रपाळी.
ओठांवर मिसरूड, पायांत मोठ्या भावाचे बूट.
मी तीन वाक्यं जुळवून ठेवली होती, पहिलंच विसरले.
कुठून घेतलास माझा आवाज?

"प्रार्थनेच्या रेकॉर्डिंगमधून, मॅम.
आवाज लगेच जमला.
ओरडणं काढायला तीन रात्री गेल्या."

तो गेल्यावर मी ऐकला, चार वेळा.
इंग्रजीतला माझा मिरजेचा हेल
त्यानं होता तसा ठेवला होता.
नीट झोपा, हे मी कुणाला कधी म्हटलंय?
मुलीला? ती टोरांटोत असते,
तिची रात्र माझ्या तासांत येते.

बाबा तंबोऱ्याची जवारी काढायचे.
घोडीवर कानस, एक हलका हात, मग तार छेडायची,
तारेखाली सुताचा धागा
केसभर पुढे, केसभर मागे.
गिऱ्हाईक म्हणायचं, वाजतोय की आता.
बाबा म्हणायचे, वाजतोय. बोलत नाही.
ते माझ्यावर कधी ओरडल्याचं आठवत नाही.
ओरडणं मी पहिल्या नोकरीत शिकले,
चौऱ्याहत्तर मुलं आणि एक पंखा.

अध्यक्षांना लिहिलं, काढणार नाही. कारण लिहिलं नाही,
मला नीटसं ठाऊक नव्हतं.
फेबिनला पुन्हा बोलावलं. म्हटलं, इरामच्या आईसमोर उभं राहायचं,
मी येते बरोबर. मग महिनाभर
पहाटे सहा दहाला सात नंबरचा थांबा तुझा.
"येस मॅम," म्हणाला. दारात घुटमळला.
"ते दार उघडंच असतं, ते मी मनानं घातलं."

एसीची गार हवा जाते म्हणून
ते नऊ वर्षं लावलेलंच असतं.

सोमवारी मधल्या सुट्टीत
बाहेर पावलांची खसखस.
निरोप खोटा होता हे तोवर गावभर झालं होतं.
तरी अकरा मुलं उभी होती,
एकाच्या हातात भूमितीची वही, आतून कोरी.
मी दाराखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली.
खुर्च्या दोनच.
म्हटलं, बसा.

कसं म्हटलं ते मला ऐकू आलं नाही,
एसीची घरघर फार.
सगळ्यांत मागची मुलगी किंचित हसली,
किंवा जांभई दाबली असेल तिनं.